जेनोसचे हात

परवा रात्री जेवणं झाल्यावर भाचा आणि मी टीव्हीसमोर बसलो होतो. (ताई, तू हे वाचशीलच म्हणून आधीच सांगून टाकतो, त्याचा अभ्यास झाला होता. म्हणजे तो तसं म्हणाला.) इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्याकडे राहतो आणि मला नवीन नवीन गोष्टी दाखवण्याचा त्याने विडा उचललाय. सध्या 'वन पंच मॅन' चालू आहे. जपानी अ‍ॅनिमे. सुरुवातीला मी "हे कार्टून काय बघायचं या वयात" म्हणून पेपर समोर धरून बसायचो. आता पेपर घडी घालून बाजूला असतो, आणि भाचा कॉलेजातून उशिरा आला तर मीच विचारतो, "आज आहे ना रे पुढचा भाग?"

तर परवा भाचा म्हणाला, "मामा, हा जेनोस म्हणजे नुसता फेकू आहे. ऐटीत येतो, आग ओकतो आणि दर वेळी हात तुटून पडलेला असतो. सैतामा आला नाही की याचं भंगार. मग हा या गोष्टीत आहे तरी कशाला?"

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं आणि झोपायला गेलो. पण झोप काही येईना. एका कार्टूनमधल्या सायबोर्गची बाजू घ्यावीशी वाटून साठीच्या माणसाची झोप उडावी, हे जरा अतिच. पण झालं खरं. म्हणून आज हा लेख. भाच्याला तोंडी सांगितलं असतं तर त्याने मध्येच मोबाईल बघितला असता.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी (काकू, मुख्यत्वे तुमच्यासाठी) थोडक्यात सांगतो. 'वन' हे टोपणनाव घेणाऱ्या एका जपानी चित्रकथाकाराने २००९ साली ही गोष्ट इंटरनेटवर काढायला सुरुवात केली. चित्रं अगदी साधी, शाळेतल्या वहीच्या मागच्या पानावर काढतात तशी. पुढे २०१२ पासून युसुके मुराता या कसलेल्या चित्रकाराने तीच गोष्ट नव्याने रेखाटायला घेतली आणि २०१५ मध्ये तिचं अ‍ॅनिमे आलं. नायक सैतामा. टक्कल, पिवळा पोशाख, चेहऱ्यावर माशी हलत नाही. कुठलाही राक्षस एका ठोशात खलास. त्याचं दुःख एवढंच की आता लढण्यात मजाच उरली नाही. जेनोस हा त्याचा शिष्य. वय १९, म्हणजे आमच्या भाच्याएवढाच. पंधराव्या वर्षी एका पिसाट सायबोर्गने त्याचं गाव उद्ध्वस्त केलं, घरचे सगळे गेले. डॉ. कुसेनो नावाच्या शास्त्रज्ञाला तो सापडला आणि "मलाही सायबोर्ग करा" असं त्याने स्वतःच सांगितलं. तेव्हापासून तो त्या पिसाट सायबोर्गच्या शोधात फिरतोय.

आता त्याच्या अंगात काय काय आहे ते बघू. मी आयुष्यभर कारखान्यात मेन्टेनन्स केलं, त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते. दोन्ही तळहातांत ज्वाळा फेकणाऱ्या तोफा आहेत. एका झोतात रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं भाजून निघतं. पाठीतून आणि हातांतून जोर देणारी इंजिनं निघतात, त्यामुळे तो क्षणात समोरच्याच्या अंगावर पोचतो. ठोसे इतक्या वेगात मारतो की हात दिसेनासे होतात. डोळ्यांत आणि कानांत संवेदक आहेत, कोण कुठे लपलंय ते त्याला कळतं. आणि या सगळ्याला पुरवठा करणारा एक गाभा छातीत आहे. हिरो व्हायच्या परीक्षेत त्याला १०० पैकी १०० मिळाले आणि तो थेट सर्वांत वरच्या 'एस' वर्गात गेला. सैतामाला ७१, म्हणजे जेमतेम 'सी' वर्ग. भाचेबुवा, तुमच्या फेकूची ही गुणपत्रिका.

आणि तो दर वेळी हरतो हेही खरं नाही. चिलखत घातलेल्या त्या यांत्रिक गोरिलाला त्याने चांगलंच चोपलं, आणि शेवटी तो बिचारा यंत्रासारखं बोलायचं नाटक सोडून साध्या आवाजात माफी मागायला लागला. दुसऱ्या पर्वात (ते २०१९ मध्ये आलं) जी-४ नावाच्या रोबोटला त्याने एकट्याने पाडलं आणि त्याचे सुटे भाग उचलून डॉ. कुसेनोंकडे नेले. हे मला फार आवडलं. आमच्याकडेही मोडीत काढलेल्या मशीनमधून चांगली बेअरिंगं काढून ठेवायचे.

पण त्याची लढायची पद्धत बघा. मला खटकते ती तिथे.

तो आला की पहिल्याच मिनिटाला सगळं ओततो. राखून ठेवणं नाही, अंदाज घेणं नाही, मागे सरकणं तर नाहीच. त्या मॉस्किटो गर्लची लढाई आठवा. पहिल्याच झटापटीत तिचे पाय गेले आणि याचा एक हात गेला. आपला हात गेल्याचं त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. मग लाखो डासांचा थवा जमतो, तो पूर्ण थवा हा एका दमात जाळून टाकतो आणि काम झालं असं समजतो. तेवढ्यात ती रक्त पिऊन लाल होऊन दुप्पट ताकदीने येते आणि याला फाडून काढते. तेव्हा त्याला सुचतं काय, तर स्वतःचा स्फोट करून तिला बरोबर घेऊन जायचं! नशीब की सैतामा एका डासाच्या मागे धावत तिथे आलेला असतो. कपडे जळून गेलेले, अंगावर चिंधी नाही. तो तिला एक थप्पड मारतो आणि विषय संपतो.

आपल्या शरीराची इतकी बेपर्वाई का? सोपं उत्तर म्हणजे सुटे भाग मिळतात म्हणून. हात गेला तर डॉ. कुसेनो दुसरा देतात, आधीच्यापेक्षा चांगला. कारखान्यातही हेच बघितलंय. स्टोअरमध्ये स्पेअर भरपूर असले की ऑपरेटर मशीन कसंही चालवतो.

पण मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. ज्या पोराचं पंधराव्या वर्षी सगळं गेलं, त्याच्यासाठी राखून ठेवण्यासारखं काय उरलं? शरीर राखतो कोण, ज्याला उद्या घरी जायचंय तो. जेनोसला घर नव्हतं. त्याच्या अंगात इतकी शस्त्रं आहेत, पण बचावासाठी म्हणून काही केलेलं फारसं दिसत नाही. मला ती तंत्रातली चूक वाटत नाही. मला ते दुःख वाटतं.

इथे दोन जुन्या सायबोर्गांची आठवण काढतो (हेही भाच्यानेच दाखवले). शोतारो इशिनोमोरी यांची 'सायबोर्ग ००९' ही चित्रकथा १९६४ ची. त्यातल्या ज्योची खास शक्ती म्हणजे अफाट वेग, आणि त्या वेगाचं बटण असतं त्याच्या दाढेत. दात दाबला की जग थांबल्यासारखं होतं आणि तो एकटा पळत असतो. बटण त्याच्या तोंडात, म्हणजे वापर त्याच्या मर्जीवर. दुसरी १९९५ च्या 'घोस्ट इन द शेल' चित्रपटातली मेजर कुसानागी. ती अदृश्य होते, दबा धरते, मोजूनमापून हालचाल करते. पण शेवटी एका रणगाड्यावर चढून त्याचं झाकण उपटायला जाते तेव्हा इतका जोर लावते की स्वतःचेच हात तुटतात. तो प्रसंग बघताना मी खुर्चीत सरळ झालो. यंत्राच्या ताकदीला मर्यादा असते आणि ती मर्यादा नेमकी कुठे आहे हे बहुतेक वेळा मोडल्यावरच कळतं. मेजर तिथवर एकदा जाते. जेनोस दर आठवड्याला जातो.

आता माझा मुद्दा. त्यासाठी थोडं कारखान्यात यावं लागेल.

कन्व्हेयरच्या मोठ्या गिअरबॉक्सला आम्ही शिअर पिन लावायचो. बोटाएवढी, मुद्दाम नरम धातूची, मध्ये खाच पाडलेली. कन्व्हेयरमध्ये काही अडकलं, भार वाढला, की सगळ्यात आधी ती पिन तुटते. पिन तुटली की गिअरबॉक्स वाचतो. घरातला फ्यूज तोच प्रकार. नवीन आलेली पोरं म्हणायची, "साहेब, ही पिन फालतू आहे, सारखी तुटते." मी म्हणायचो, "अरे बाबा, तुटणं हेच तिचं काम आहे. ती तुटली म्हणजे ती पास झाली."

जेनोसची समुद्रतळाच्या राजाशी झालेली लढाई याच नजरेने बघा. पहिल्या पर्वातला नववा भाग. बाहेर धो धो पाऊस. सगळं गाव आसऱ्याच्या इमारतीत दडलेलं आणि तो राक्षस भिंत फोडून आत येतो. जेनोस येतो, त्याला एका फटक्यात बाहेर उडवतो, आणि नेहमीप्रमाणे काम झालं समजतो. नेहमीप्रमाणे एक हात जातो. तरी तो एका हाताने झुंजत राहतो. तेवढ्यात मागून एक लहान मुलगी ओरडून त्याला धीर देते. राक्षस तिच्या दिशेने आम्ल थुंकतो. जेनोसला बाजूला होता आलं असतं, त्याचा वेग आपण बघितलाय. पण तो त्या मुलीपुढे जाऊन उभा राहतो आणि सगळं आम्ल अंगावर घेतो. वितळून जातो अक्षरशः.

या लढाईत त्याला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ना तोफ होती ना इंजिन. मध्ये उभं राहायला एक अंग होतं, बस्स. शक्तींची यादी काढणाऱ्यांनी ही शक्ती कुठे लिहिलेली मला दिसली नाही. मुलगी वाचली. पिन पास झाली.

आणि यानंतर जे होतं ते मला या मालिकेतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. सैतामा येतो, एका ठोशात राजा संपतो. वाचलेल्या लोकांतला एक जण म्हणतो, मग बाकीच्या हिरोंचा उपयोग काय झाला, हे एवढे मार खाऊन पडले ते कशासाठी? (हाच तो भाच्याचा प्रश्न.) त्यावर सैतामा खोटं बोलतो. बाकीच्यांनी राक्षसाला आधीच दमवून ठेवलं होतं, आपण आयत्या वेळी येऊन श्रेय लाटतोय, असं भासवतो. सगळे त्याला शिव्या घालतात आणि पडलेल्यांची लाज राहते. ज्याला हरणं म्हणजे काय हे माहीतच नाही, त्याला हरलेल्यांची किंमत कळते. हे लिहिणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

म्हणजे जेनोसचं सगळं बरोबरच का? मुळीच नाही. मॉस्किटो गर्लसमोर त्याच्या मागे कोण होतं? कोणीच नाही. तिथे तो स्फोट करायला निघाला तो नामुष्कीपोटी. तुटणं तेच, पण पहिल्या वेळी वाया आणि दुसऱ्या वेळी सार्थकी. मला वाटतं की जेनोस किती वेळा तुटला हे मोजण्यापेक्षा तुटला तेव्हा त्याच्या पाठीमागे कोण होतं हे बघावं.

आणि दुसरी गोष्ट त्या अपग्रेडची. दर पराभवानंतर तो डॉ. कुसेनोंकडे जाऊन आणखी दणकट भाग बसवून येतो. पुढच्या वेळी समोरचा आणखी दणकट असतो आणि पुन्हा हात जातात. उल्का पडायची होती तेव्हा त्याने आपला गाभा काढून हातातल्या तोफेला जोडला, अंगातली शेवटची ऊर्जा ओतली, तरी उल्का तसूभर हलली नाही. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी त्या अजस्र गोमेपुढेही तेच. आता माझ्याकडे पिन सारखी तुटायला लागली तर मी काय करीन? जाड पिन बसवीन? तसं केलं तर पुढच्या वेळी पिन टिकेल आणि गिअरबॉक्स जाईल. फ्यूज उडतो म्हणून जाड तार गुंडाळणारे आपल्याकडे घरोघरी आहेत. मग एक दिवस भिंतीतली वायर जळते. सारखी पिन तुटत असेल तर आधी अडकलंय काय ते शोधावं लागतं. जेनोसमध्ये अडकलंय ते चार वर्षांपूर्वीचं गाव. त्यावर अजून तोफ निघालेली नाही.

हे मी इतक्या अधिकाराने सांगतोय, कारण जाड तार मीही गुंडाळली होती. घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी कारखान्याचं वार्षिक शटडाऊन होतं. छातीत कळ यायची. मी अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन पुढे जायचो. बायको म्हणायची डॉक्टरांना दाखवा, मी म्हणायचो शटडाऊन संपू दे. मला कोणी थांब म्हणून सांगितलं नव्हतं असं नाही, की कोणी जबरदस्ती केली असंही नाही. माझीच हौस. माझ्यावाचून मशीन चालणार नाही अशी माझी समजूत. चौथ्या रात्री घरी जिना चढताना बसलो तो उठलोच नाही. दोन स्टेंट पडले. भाचा तेव्हा शाळेत होता, हॉस्पिटलात येऊन म्हणाला, "मामा, आता तुझ्यातही धातू. तू पण सायबोर्ग!" सगळे हसले. मीही हसलो.

शटडाऊन माझ्यावाचून वेळेत पूर्ण झालं, हे सांगायला नकोच.

ती कळ म्हणजे माझी पिन होती. ती तिचं काम चोख करत होती आणि मी तिलाच फालतू म्हणत होतो. तेहतीस वर्षं पोरांना जे शिकवलं ते स्वतःला लावायचं सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मागे कोणी लहान मुलगी उभी नव्हती. एक कन्व्हेयर होता. म्हणून जेनोस हातात गाभा घेऊन उल्केसमोर उभा राहिला की मला त्याचं कौतुक वाटत नाही. वाटतं, याच्या घरी कोणी आहे का हो, याला सांगायला?

तर आहे. सैतामाकडून त्याला ताकदीचं गुपित हवं असतं. सैतामा सांगतो, रोज १०० जोर, १०० उठाबशा, १०० बैठका आणि १० किलोमीटर धावणं. जेनोस चिडतो, कारण त्याला काहीतरी शास्त्रीय ऐकायचं असतं. बाकी सैतामा त्याला काहीच शिकवत नाही. एकदा सरावासाठी दोघं माळावर जातात, सैतामाचा ठोसा जेनोसच्या नाकापुढे थांबतो, मागचा डोंगर नुसत्या वाऱ्याने उडतो. आणि सैतामा म्हणतो काय, तर चल, उदोन खायला जाऊ. जेनोस पैशांची गड्डी ठेवून त्याच्या एका खोलीच्या घरात राहायला येतो. अ‍ॅप्रन बांधून भांडी घासतो, स्वयंपाक करतो, आणि गुरूचं प्रत्येक वाक्य वहीत उतरवून घेतो. ज्या हातांतून आग निघते त्याच हातांनी ताटल्या विसळतो. लोकांना हे विनोद वाटतात. विनोद आहेतच. पण मला वाटतं, डॉ. कुसेनोंच्या सगळ्या अपग्रेडपेक्षा हे अपग्रेड मोठं आहे. आता त्याला संध्याकाळी घरी यायचं असतं.

आपली दोस्तमंडळी म्हणतील की मी एका मारामारीच्या कार्टूनवर फारच भार टाकतोय. असेल. भाचा म्हणतो की पुढे गोष्टीत अजून बरंच घडतं आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तिसरं पर्वही सुरू झालं. ते बघून माझं मत बदललं तर इथेच लिहीन. तूर्तास माझं मत पक्कं आहे. जेनोस फेकू नाही. त्याची लढायची पद्धत चुकीची आहे, तो वाया जातो तेव्हा मला राग येतो, पण आम्ल अंगावर घेणारा तो एक क्षण मला त्या सगळ्या एका ठोशांपेक्षा मोठा वाटतो.

काल संध्याकाळी हे सगळं थोडक्यात भाच्याला सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "पण मामा, पिन तुटल्यावर नवीन कोण बसवायचं?"

"आम्ही. मेन्टेनन्सवाले. रात्री दोन वाजता उठून."

"आणि तुझी कोणी बसवली?"

स्वयंपाकघरातून त्याच्या मामीचा आवाज आला, "गोळी घेतलीत का?"

घेतली नव्हती. उठून घेतली. माझ्या कपाटात निवृत्तीच्या दिवशी आणलेली एक तुटकी शिअर पिन आहे, ती त्याला दाखवली. बराच वेळ हातात फिरवत बसला होता. आता ती त्याच्या टेबलावर आहे, परत मिळेल असं दिसत नाही.

असो. ज्यांनी ही मालिका बघितली असेल त्यांनी आपलं मत जरूर कळवा. आणि ताई, तो रोज एकच भाग बघतो. बहुतेक.